'पाचला निघत जा' हे आधी लेखी घ्या

मुलगी 10 महिन्यांची, सोमवारी रुजू व्हायचंय, ती पाळणाघराच्या दारात रडते म्हणून नोकरी सोडायचा विचार येतोय, आणि साहेब म्हणालेत, 'पाचला निघत जा, काही प्रॉब्लेम नाही.' तुमची पोस्ट इथवर वाचली आणि राहवलं नाही. पाळणाघर तुम्ही नीट पाहूनच निवडलं असेल, त्यात शिरत नाही. पण ते पाचचं लेखी घ्या. सोमवारच्या आधी.

मलाही अगदी असंच सांगितलं होतं. काही महिने सुरळीत गेले, मग साहेब बदलले. नव्यांनी रोजची मीटिंग साडेपाचला लावली. पाळणाघर सहाला बंद. एचआर म्हणे, "रेकॉर्डवर तसं काही नाही, टीममध्येच मिटवा." टीममध्ये विचारलं की, एचआरला विचारा. या टोलवाटोलवीतच अप्रेझल आलं आणि शेरा पडला, 'उपलब्धता अपुरी'. माझं एकही काम अडलेलं नव्हतं. मूल झोपल्यावर रात्री लॅपटॉप उघडून सगळं संपवत होते, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. बढती गेली. आजही आठवलं की संताप होतो.

चार ओळींचा मेल पुरतो. कोणत्या दिवशी किती वाजता निघणार, उरलेलं काम कधी करणार, मागे तातडीचं काही आलं तर कोण बघणार, ही सोय कोणत्या तारखेपर्यंत. सुरुवात 'आपलं बोलणं झाल्याप्रमाणे' अशी करा, एचआरला सीसी ठेवा. उत्तरात नुसतं 'ओके' आलं तरी चालेल, पण उत्तर येऊ द्या. मी वकील नाही आणि रजेचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, ते तुमच्याकडचे तपासा.

रडण्यावरून मात्र नोकरीचा निर्णय घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. आई दिसेनाशी झाली की घाबरणं साधारण 8 महिन्यांपासून सुरू होतं आणि 10 ते 18 महिन्यांत सर्वात जास्त असतं. म्हणजे तुम्ही ऐन भरात रुजू होताय. तिची नजर चुकवून सटकू नका. सांगून, टाटा करून निघा आणि परत आत डोकावू नका. (तुम्ही गेल्यावरही ती बराच वेळ शांत होत नसेल, दूध-खाणं टाकत असेल, तर डॉक्टरांशी बोला, माझं ऐकून थांबू नका.)

काढलेलं दूध देणार असाल तर बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. ताजं दूध बाहेर, 25 अंशांपर्यंत, 4 तास टिकतं आणि फ्रिजमध्ये 4 दिवस. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा.

आणखी एक. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बाबाचा द्या. 'थोडा ताप वाटतोय, घेऊन जा' हा फोन पहिल्या नंबरवरच येतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तो वरचेवर येतो. तुमच्या मिस्टरांनीही त्यांच्या ऑफिसात असाच चार ओळींचा मेल टाकायला हवा.