'लुका'च्या पुढची सुझान वेगा

प्रश्न: केबल नवीन आलं तेव्हा अमेरिकन गायिका सुझान वेगाचं 'लुका' हे गाणं टीव्हीवर बघितलं होतं, मग 'टॉम्स डायनर'चा तो डान्सवाला रिमिक्स. त्यापलीकडे काहीच ऐकलं नाही. मित्र म्हणतात दोन गाण्यांची बाई आहे, सोड. खरंच सोडू का? नाहीतर कुठल्या अल्बमपासून सुरू करू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: मित्रांना म्हणावं आधी ऐका, मग बोला. या बाईचा पहिला अल्बम १९८५चा आणि अगदी ताजा २०२५चा, आणि मधले ऐकले तर एकही आधीच्याची झेरॉक्स वाटत नाही. पण झालं असं की १९८७ मध्ये 'लुका' अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं, घरात मार खाणारं पोरगं वरच्या मजल्यावरून स्वतःच बोलतंय असं गाणं, आणि मग लोकांनी तिला तिथंच धरून ठेवलं.

सुरुवात पहिल्यापासूनच करा, अल्बमचं नाव 'सुझान वेगा'च आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या छोट्या छोट्या फोक अड्ड्यांवर गिटार घेऊन गाणारी मुलगी, आणि तेव्हा रेडिओवर जिकडेतिकडे सिंथेसायझर आणि ढणढण ड्रम्स, त्यात हिचा अल्बम आला. निर्माते दोघं, स्टीव्ह अडाबो आणि लेनी के, हा लेनी म्हणजे रॉक गायिका पॅटी स्मिथचा गिटारवाला. यातलं 'मार्लिन ऑन द वॉल' गाजलं पण माझ्या मते खरा माल 'द क्वीन अँड द सोल्जर'. सैनिक राणीच्या दारात येतो, म्हणतो आता तुझ्यासाठी लढणार नाही, फक्त हे सगळं कशासाठी ते सांग, आणि राणी एक क्षण विरघळते आणि मग त्याला मारूनच टाकते. एवढंच. युद्ध पुढे चालू.

दुसरा 'सॉलिट्यूड स्टँडिंग', १९८७. 'लुका' यातलंच. 'टॉम्स डायनर'नंच अल्बम उघडतो, नुसता गळा, एकही वाद्य नाही. डीएनए नावाच्या दोन इंग्लिश पोरांनी न विचारता त्याखाली बीट टाकला, आणि तिच्या रेकॉर्ड कंपनीनं कोर्टात खेचायचं सोडून १९९०ला तो स्वतःच बाजारात आणला. (याच गळ्यावर कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या जर्मन इंजिनिअरनं एमपीथ्री, म्हणजे गाणं छोट्या फाइलमध्ये बसवायचं तंत्र, घासून घासून तपासलं, कारण सुरुवातीला त्यात तिचा आवाज भयानक येत होता. तुमच्या मोबाइलवरच्या गाण्यांत तिचा एवढा वाटा आहे.)

१९९०चा 'डेज ऑफ ओपन हँड' मागे ठेवलात तरी चालेल. एका गाण्याच्या व्हायोलिन-चेलोची मांडणी फिलिप ग्लास या संगीतकारानं केलीय, सगळं कसं जागच्या जागी, पण जीव गुदमरतो. ग्रॅमी मिळालं ते कव्हरच्या पॅकेजिंगला, त्यातच काय ते आलं.

आणि मग १९९२, '९९.९ फॅरनहाइट डिग्रीज'. वेळ एकाच अल्बमला असेल तर हाच घ्या! निर्माता मिचेल फ्रूम, आणि त्यानं तिच्या गिटारभोवती काय काय आवाज उभे केलेत, पत्र्यावर वाजवल्यासारखे ड्रम्स, फाटका बेस, मध्येच जत्रेतल्यासारखा कीबोर्ड. 'ब्लड मेक्स नॉइज'मध्ये डॉक्टर काहीतरी विचारतोय आणि पेशंटच्या कानात रक्ताचाच एवढा गोंगाट की तिला धड ऐकूच येत नाही, आणि तो गोंगाट तुम्हालाही ऐकू येतो, कारण वाजतोय तोच. फोकवाल्या चाहत्यांपैकी काही जण नाराज झाले म्हणे, होऊ देत. सगळ्या अल्बमलाच थोडी कणकण आहे, आजारी म्हणावं इतकी नाही पण अंग गरम. आणि एवढ्या खडखडाटात मध्येच 'इन लिव्हरपूल' येतं, रविवारची दुपार, चर्चच्या घंटा, एक जुनं प्रेम, मी तर ते परत परत लावतो.

हा फ्रूम पुढे तिचा नवरा झाला, मुलगी झाली, आणि १९९६चा 'नाइन ऑब्जेक्ट्स ऑफ डिझायर' त्या संसाराच्या ऐन बहरातला. 'कॅरमेल' ऐका, बोसा नोव्हा या ब्राझीलच्या संथ, डुलत्या संगीताच्या अंगानं जाणारं. मग घटस्फोट, आणि २००१चा 'साँग्स इन रेड अँड ग्रे'. हा आधीचा ऐकल्यावरच ऐका, उलट क्रमानं नको.

प्रश्न: तिचा आवाज मला सपाट वाटतो. ना हरकती, ना वर चढणं. एवढं कौतुक कशाचं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आवाज लहान आहे, मान्य. पण भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला शब्द नीट पोचण्याची किंमत मी काय सांगणार. 'लुका' कुणी हुंदके देत गायलं असतं तर? ते पोरगं लपवतंय हो, काही विचारू नका म्हणतंय, रडत कोण लपवतं? २००७च्या 'ब्यूटी अँड क्राइम'मध्ये 'लडलो स्ट्रीट' आहे, तिचा भाऊ टिम २००२ला गेला त्याच्याबद्दल. सगळं गाणं त्या गल्लीबद्दल चाललंय आणि माणूस मात्र त्यात नाही. कोरडं गाते म्हणूनच मला ते झेपत नाही. तरीही नाही आवडली तर नाही आवडली, जबरदस्ती थोडीच आहे.

प्रश्न: अॅपवर एकाच गाण्याची दोन-दोन व्हर्जन दिसतात. खरं कुठलं?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: दोन्ही खरी. जुन्या रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे, म्हणून तिनं २०१० ते २०१२ या काळात 'क्लोज-अप' नावाचे चार भाग काढून आपलीच गाणी पुन्हा गायली, साध्या साथीवर, स्वतःच्या लेबलवर. टेलर स्विफ्टनं हे केल्यावर केवढा गवगवा झाला, हिचं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. '९९.९'मधली गाणी मूळचीच ऐका, तो पत्र्याचा आवाज गेला की मजाच गेली, पण पहिल्या अल्बममधली गाणी 'क्लोज-अप'मध्ये मला जास्त आवडतात, वय वाढल्यावर आवाज जरा खाली उतरलाय आणि त्या राणीला तो शोभतो. २०२५चा 'फ्लाइंग विथ एंजल्स' पण राहू देऊ नका, त्यात चक्क न्यूयॉर्कच्या उंदरांवर गाणं आहे, 'रॅट्स', आणि साठी ओलांडलेली बाई ते जवळजवळ पंक, म्हणजे खडबडीत, आक्रमक रॉकच्या पद्धतीनं म्हणते.