नैतिकता सापेक्ष (समाजागणिक बदलणारी) असते की निरपेक्ष (सगळ्यांना सारखीच लागू)?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: लोक काय योग्य मानतात आणि काय खरंच योग्य आहे. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं, उत्तर भारतात बऱ्याच समाजांत ते निषिद्ध. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही इथे रूढीला सूट देतो. एवढं खरोखर सापेक्ष. पण ऊसतोडीला निघण्याआधी १४ वर्षांच्या मुलीचं लग्न उरकणं? तिची खरी संमती नाही, कमी वयातल्या बाळंतपणात जिवाला धोका. गाव बदललं म्हणून हे नुकसान बदलत नाही. ‘मतं वेगळी, म्हणजे कुणीच चूक नाही’ हा तर्क इथेच मोडतो. आणि निरपेक्ष म्हणजे अपवाद नाहीत असं नव्हे. जीव वाचवायला खोटं बोलणं योग्य असेल, तर तशा प्रसंगी ते कुणासाठीही योग्य.