जपानमधल्या निवडणुका: मत नसलेल्यांनी काय पाहावं

नमस्कार. तुम्ही पुढच्या एप्रिलमध्ये कंपनीतर्फे टोकियोला येताय, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ‘जपानी प्रथम’ म्हणणारा पक्ष वाढतोय, तर यावं की नाही? एकच पक्ष वर्षानुवर्षं निवडून येतो, तर तिथे विरोधकांना काही अर्थ आहे का? आणि आपल्याला कधी मत देता येईल का? मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डात (इथला वॉर्ड म्हणजे स्वतःची निवडलेली सभा असलेला शहराचा भाग), निशी-कासाईच्या बाजूला राहतो. माझी मुलंही इथल्याच शाळेत जातात, त्यामुळे हे प्रश्न माझ्या घरातलेही आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: भारतीय नागरिक म्हणून मत मिळणार नाही. संसदेसाठी नाही आणि वॉर्डासाठीही नाही. पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली तरी नाही. कायमच्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देणारा कायदा संसदेने केला तर राज्यघटना आड येणार नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं होतं. तसा कायदा काही झाला नाही. जपानी नागरिकत्व घेतलं तर मत मिळतं, पण भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. आणखी एक खबरदारी: ओळखीच्या नेत्याला, अगदी प्रेमाने का होईना, राजकीय देणगी देऊ नका. परदेशी व्यक्तीकडून देणगी घ्यायला इथे बंदी आहे. २०११ मध्ये परराष्ट्रमंत्री सेइजी माएहारा यांनी जपानमध्येच राहणाऱ्या एका कोरियन महिलेकडून देणगी घेतल्याचं उघड झालं. रक्कम फार मोठी नव्हती, तरी त्यांना पद सोडावं लागलं.

आता ‘जपानी प्रथम’बद्दल. तो पक्ष सानसेइतो. २० जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्यांनी १४ जागा जिंकल्या आणि भारतातल्या वाहिन्यांवरही त्याची चर्चा झाली. पण त्याआधी जेमतेम नऊ महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली होती. तिथे याच पक्षाला ४६५ पैकी ३ जागा मिळाल्या होत्या. नऊ महिन्यांत पक्ष वाढला हे खरं. पण दोन्ही निवडणुकांची मतपत्रिकाच वेगळी असते, हे बातम्यांमध्ये कोणी सांगत नाही.

वरिष्ठ सभागृह आपल्या राज्यसभेसारखं आमदारांनी निवडलेलं नसतं, लोक थेट मत देतात. सभासद २४८, दर तीन वर्षांनी निम्मे बदलतात. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. एक प्रांताची आणि दुसरी संपूर्ण देशाची, ज्यात ५० जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. ५० जागा म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली की एक माणूस आत. शिवाय टोकियोसारख्या मोठ्या प्रांतातून एकाच वेळी सहा जण निवडून येतात (२०२५ मध्ये एक रिकामी जागा धरून सात), आणि मतदाराचं मत एकच. इथे बहुसंख्यांना राजी करायची गरज उरत नाही. दहा जणांतला एक जण कट्टर समर्थक झाला तरी जागा येते, मग बाकीचे नऊ कितीही चिडोत. सानसेइतोला देशभरात सुमारे ७४ लाख मतं पडली, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास. त्यांच्या १४ जागांपैकी ७ देशव्यापी यादीतून आल्या, ७ प्रांतांतून.

कनिष्ठ सभागृहात पंतप्रधान ठरतो आणि तिथे २८९ जागा एकेका मतदारसंघाच्या आहेत, आपल्या लोकसभेसारख्या. बाकी १७६ जागा ११ विभागांत पक्षांच्या याद्यांमधून, पक्षाला दिलेल्या वेगळ्या मताच्या प्रमाणात भरतात. एकेरी मतदारसंघात साडेबारा टक्क्यांवर कोणी निवडून येत नाही. २०२४ मधल्या सानसेइतोच्या तिन्ही जागा याद्यांमधल्याच होत्या.

म्हणून निर्धास्त राहा, असं मात्र मी म्हणणार नाही. असा पक्ष निवडून न येताही मोठ्या पक्षाची मतं खाऊ शकतो, आणि मतं जाऊ लागली की मोठा पक्ष त्याच दिशेला सरकतो. जुलै २०२५ च्या मतदानाच्या पाच दिवस आधी तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांच्या सरकारने परदेशी नागरिकांच्या प्रश्नांसाठी मंत्रिमंडळ सचिवालयात खास कार्यालय उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्यांच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल ५० लाख येनवरून ३ कोटी येन झालं. तुम्ही कंपनीच्या नोकरीवर येताय, तुम्हाला हा नियम लागू नाही. पण इथे छोटं उपाहारगृह काढायचं स्वप्न असलेल्या आपल्या माणसांना तो फार जड जातो आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तुम्ही यावं, असंच माझं मत आहे. फक्त त्या पक्षाच्या जागा मोजत बसण्यापेक्षा सत्ताधारी पक्ष त्याला घाबरून काय करतो, तिकडे लक्ष ठेवा.

एकाच पक्षाच्या सत्तेबद्दलचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (इथे सगळे जिमिनतो म्हणतात) १९५५ मध्ये स्थापन झाला आणि १९९३ पर्यंत सलग सत्तेत राहिला. तेव्हा कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ बहुतेक तीन ते पाच जागांचे होते आणि मतदाराला मत एकच. बहुमत हवं तर प्रत्येक ठिकाणी दोन-तीन उमेदवार द्यावे लागत. मग एकाच पक्षाचे दोघे-तिघे त्याच मतांसाठी एकमेकांशी झुंजत. पक्षाचं नाव सगळ्यांकडे सारखंच, ते सांगून काय उपयोग? मग प्रत्येकाने स्वतःचं समर्थक मंडळ, कोएनकाई, उभं केलं. लग्नाला आहेर, मयताला पाकीट, गावात रस्ता, वर्षातून एक सहल. या सगळ्याला लागणारा पैसा टोकियोतल्या गटप्रमुखांकडून यायचा, म्हणून पक्षात गट पक्के झाले आणि एकामागून एक घोटाळे झाले. समोरचा समाजवादी पक्ष बहुतेक ठिकाणी एकच उमेदवार देऊन ती जागा सांभाळायचा. १९५८ नंतर तर त्यांनी बहुमतापुरते उमेदवारही उभे केले नाहीत. सगळे निवडून आले असते तरी सरकार बनलं नसतं. विरोधकांचा कमकुवतपणा म्हणजे जपानी माणसाचा आज्ञाधारक स्वभाव, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मतमोजणीचं हे गणित पाहिलं की स्वभावाकडे बोट दाखवायची गरज पडत नाही.

१९९३ मध्ये जिमिनतो फुटला, होसोकावा यांचं आघाडी सरकार आलं आणि १९९४ मध्ये पद्धत बदलली. १९९६ पासून एकेरी मतदारसंघ अधिक याद्या. दोन मोठे पक्ष आलटून पालटून येतील, अशी अपेक्षा होती, आणि २००९ मध्ये तसं झालंही: विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाला तेव्हाच्या ४८० पैकी ३०८ जागा. तीनच वर्षांत पारडं उलटलं. २०१२ मध्ये जिमिनतोने एकेरी मतदारसंघांत ४३ टक्के मतांवर ३०० पैकी २३७ जागा घेतल्या, याद्यांमध्ये मात्र त्यांना जेमतेम २८ टक्के मतं होती. याद्यांमुळे छोटे पक्ष जगतात, आणि यादीची मतं वाढावीत म्हणून मतदारसंघातही उमेदवार देतात. म्हणजे विरोधी मतं फुटतात. उमेदवाराला दोन्हीकडे उभं राहता येतं. मतदारसंघात थोडक्यात हरलेला याच यादीतून पुन्हा आत येतो, त्यामुळे माघार घ्यायची निकडही कमी. उलट जिमिनतोने १९९९ पासून कोमेइतो या छोट्या पक्षाशी पक्की देवाणघेवाण ठेवली होती: मतदारसंघात कोमेइतोच्या समर्थकांनी जिमिनतोच्या उमेदवाराला मत द्यायचं, यादीत जिमिनतोने आपल्या लोकांना कोमेइतोचं नाव सांगायचं. २०२४ मध्ये हे दोघे मिळूनही २१५ वर अडकले, बहुमताला २३३ लागत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोमेइतो बाहेर पडला. तेव्हा एक पक्ष कायमचा, हे गृहीत धरून येऊ नका.

तुमच्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जवळची निवडणूक मात्र वॉर्डाची. एदोगावाच्या सभेत ४४ जागा, अख्खा वॉर्ड एकच मतदारसंघ आणि माणशी एक मत. पुण्यात चार जणांच्या प्रभागात आपण चार मतं देतो, इथे ४४ जागांसाठी एकच. त्यामुळे काही हजार मतं पुरतात. २०१९ मध्ये आपले अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक, जपानी नागरिकत्व घेतल्यावर, ६,४७७ मतं मिळवून पाचव्या क्रमांकाने निवडून आले. इथल्या भारतीय नागरिकांना मतच नाही, म्हणजे पुराणिकांना जपानी शेजाऱ्यांनी निवडून दिलं. २०२१ मध्ये ते टोकियो महानगर सभेला उभे राहिले. तिथे एदोगावाच्या जागा पाचच, आणि ते हरले. वॉर्ड तोच, पण जागा कमी असल्या की लागणारी मतं कितीतरी पटींनी वाढतात. सानसेइतोला दार उघडणारी पद्धत पुराणिकांनाही दार उघडते, हे मी कधी विसरत नाही. म्हणून ती पद्धत बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पुढची वॉर्ड निवडणूक एप्रिल २०२७ मध्ये आहे. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत गाड्यांवरून उमेदवारांची नावं ऐकू येतील. घरोघरी प्रचाराला बंदी आहे आणि मतदाराला नाव हाताने लिहावं लागतं, म्हणून नावाचाच इतका घोष. स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या उमेदवाराशी बोला. मत नाही म्हणून कोणी तोंड फिरवल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांना पुराबद्दल विचारा, कारण या वॉर्डाची बरीचशी जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. आणि शाळेबद्दल विचारा. परदेशी मुलांना सक्तीच्या शिक्षणाचा नियम लागू नाही, त्यामुळे सरकारी शाळेत प्रवेश हवा तर आपण होऊन अर्ज करावा लागतो. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि पहिलीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. राहायला आल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवायचाच असतो, त्याच फेरीत शाळेचा अर्जही मागून घ्या.