वाचकांचे प्रश्न : जुनं आउटबोर्ड, नवं पेट्रोल

नारळी पौर्णिमा जवळ आली की शाकारलेली आउटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदाच्या पत्रांपैकी निम्म्यांत तक्रार एकच आहे, म्हणून तिचं उत्तर आधी आणि सविस्तर.

प्रश्न : आमचं १५ एचपीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन वीस वर्षं बिनतक्रार चाललं. आता खाडीबाहेर पडून पूर्ण रेस दिली की पाच-सात मिनिटांत दबतं, पेट्रोल लाइनवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब चपटा होतो, डोकं (सिलिंडर हेड) नेहमीपेक्षा जास्त तापतं. मेकॅनिक म्हणतो, ऑइल वाढवा. वाढवावं का? – वेसावे

नाही, आधी ऑइल वाढवू नका. बल्ब चपटा होतो याचा अर्थ टाकीकडून पेट्रोल पुरेसं येत नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी तुंबली आहे का, ते पाहा. त्यानंतर टाकी ते बल्ब हा पाइप काढून उभा चिरा. आतला थर सुटून पापुद्र्यासारखा लोंबत असेल तर दुखणं तिथेच आहे. असा पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण ओढ वाढली की आतला पापुद्रा मिटतो.

हे आत्ताच का झालं? पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. वीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग सुटतं. म्हणून पाइप, बल्ब, फ्युएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं आणि फ्लोटची सुई हे सगळं एकदमच बदला. एकेक बदलत बसलात तर जुन्या भागाचा चुरा नव्या भागात जाऊन अडकतो. पाइप 'जे३०आर९' या दर्जाचा शिक्का असलेला घ्या. बाजारात मिळणारा पारदर्शक पिवळा पाइप काही महिन्यांत कडक होऊन जोडापाशी चिरतो.

डोकं तापण्याचं कारण वेगळं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) २० टक्के इथेनॉलला सात-आठ टक्के कमी पडतो. जेटमधून जाणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यास साडेतीन-चार टक्के वाढवला की भागतं : १४०चा मेन जेट असेल तर १४५. नवा जेट विकत घ्या, जुन्यात ड्रिल घालू नका; भोक वाकडं झालं की हिशेब संपला. आणि ऑइल वाढवण्याचा सल्ला इथे उलटा पडतो. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे आधीच पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं.

जेट बदलल्यावर खात्री प्लगवर करा. नवे प्लग लावून बोट पूर्ण रेसवर तीन-चार मिनिटं पळवा, रेस न उतरवता मशीन बंद करा आणि प्लग काढा. चिनीमातीचा भाग बिस्किटासारखा तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे. त्यावर बारीक चकाकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. तसं मशीन पुढे चालवू नका.

आता या पेट्रोलचा खरा धोका. काचेच्या मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० मिलीचा राहत नाही, तिशीच्या आसपास जातो, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. टाकीतही हेच घडतं. आपल्या दमट हवेत हवेचा स्क्रू उघडा राहिलेल्या अर्ध्या टाकीत हळूहळू पाणी शिरत जातं. टू-स्ट्रोक ऑइल मात्र वर पेट्रोलमध्येच राहतं आणि टाकीची नळी पेट्रोल तळातून ओढते. म्हणजे मशीनच्या वाट्याला पाणी आणि इथेनॉल येतं, ऑइलचा थेंबही नाही. पिस्टन घासून चिकटतो आणि दोष मात्र ऑइलच्या कंपनीला दिला जातो. म्हणून पेट्रोल-ऑइलचं मिश्रण दोन आठवड्यांपुरतंच बनवा, किनाऱ्याला लागल्यावर हवेचा स्क्रू आवळा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि मशीन चार दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

प्रश्न : ऑइल नक्की किती घालायचं? स्कूटरचं टू-टी ऑइल चालेल का? – मनोरी

क्रँकला नीडल बेअरिंग (बारीक सळ्यांचं बेअरिंग) असलेल्या मशीनला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. क्रँक साध्या ब्राँझच्या बुशवर फिरत असेल तर २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. १९६४च्या आधीची बहुतेक जॉन्सन-एव्हिनरूड या गटात येतात. नवे पिस्टन-रिंग टाकल्यावर पहिले दहा तास कुठल्याही मशीनला २५:१ ठेवा. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलं हवं, ही पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या ऑइलची खूण. स्कूटरचं ऑइल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्यातल्या घटकांची राख होते. समुद्राच्या पाण्याने थंड राहणाऱ्या डोक्यात ती राख साचते आणि रिंगा अडकतात.

प्रश्न : खाडीच्या तोंडाशी होडी उलटली, मशीन दीड तास खाऱ्या पाण्यात होतं. कुणी म्हणतं उन्हात वाळवा, कुणी म्हणतं डिझेलने धुवा. – गोराई

उन्हात अजिबात वाळवू नका. पाण्याखाली गंज हळू चढतो. मशीन बाहेर काढून त्याला हवा लागली की खरं नुकसान सुरू होतं. तीन तासांच्या आत हात घालता येत नसेल तर अख्खं मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा.

काम करताना आधी वरून-खालून गोड्या पाण्याने धुवा. प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील असं मशीन आडवं करा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. उलटली तेव्हा मशीन चालू होतं आणि आता फ्लायव्हील एका जागी अडतं किंवा खरखरतं, तर तिथेच थांबा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, त्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. जोर न करता मशीन उघडा.

मोकळं फिरत असेल तर कार्बोरेटर आणि पेट्रोल लाइन रिकामी करा, प्रत्येक सिलिंडरमध्ये आणि कार्बोरेटरच्या तोंडातून मेथिलेटेड स्पिरिट ओतून फिरवा. उरलेलं पाणी स्पिरिट ओढून घेतं, डिझेल घेत नाही. नंतर चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला. पुलर लावून फ्लायव्हील काढा. त्याखालची कॉइल आणि पॉइंट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. फ्लायव्हील हातोडीने ठोकून काढू नका. नवे प्लग, ताजं २५:१चं पेट्रोल, आणि पिंपात किमान अर्धा तास मंद चालवा. हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं. एका रात्रीत नीडल बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत.

प्रश्न : ९.९ एचपीला १५चा कार्बोरेटर लावून ताकद वाढते असं ऐकलं. होडी १८ फुटी, जाळ्यांसकट जड. थर्मोस्टॅटही काढून टाकावा का? – उत्तन

ऐकलं ते पुष्कळ मशीनच्या बाबतीत खरं आहे. यामाहाच्या टू-स्ट्रोक ९.९ आणि १५चा ब्लॉक एकच, २४६ सीसीचा. फरक मुख्यतः हवा-पेट्रोल आत घेण्याच्या भागात आहे. पण आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा : दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्बोरेटरचे पैसे रिंगांवर घाला.

तुमच्या होडीला मात्र याचा उपयोग कमीच. पाण्यावर न उचलता पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. १८ फुटाला तो साडेपाच-पावणेसहा नॉटच्या आसपास. त्यापुढे ताकद घातली की मागे लाट मोठी होते आणि पेट्रोल जळतं. तुम्हाला हवा आहे तो कमी पिचचा पंखा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत जेवढा पुढे सरकेल ते अंतर). टॅकोमीटर लावून पाहा : भरलेल्या होडीत पूर्ण रेसला ४५०० ते ५५०० आरपीएम यायला हवेत. ४००० लागले तर पिच दोन-तीन इंचांनी कमी करा; एका इंचाला साधारण २०० आरपीएम वाढतात.

थर्मोस्टॅट जागेवरच राहू दे. तो नसला की ब्लॉक थंड राहतो, पेट्रोल पुरतं जळत नाही, मंद चालीत प्लग काळे पडतात. अडकला असेल अशी शंका असेल तर दोऱ्याला टांगून पातेल्यातल्या पाण्यात तापवा. ५०-५२ अंशांच्या आसपास उघडायला लागला तर चांगला आहे.

प्रश्न : गिअरचं ऑइल दुधाळ निघालं. – वसई

पाणी शिरलंय. पंखा काढा, दहापैकी सात वेळा मागे शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडतो, तो ऑइल सील कापतो. सील बदला, दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घ्या. एसएई ९० हायपॉइड ऑइल खालच्या भोकातून वर चढवा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत; १५ एचपीला पाव लिटरच्या आसपास लागतं. आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालची नळी काढा.

प्रश्न : माहीमच्या खाडीतून आलं की मागची पाण्याची धार बारीक होते. – माहीम

बहुधा प्लास्टिकची पिशवी. मशीन लगेच बंद करून वर उचला आणि खालची पाणी घेण्याची जाळी पाहा. जाळी साफ असेल तर धारेच्या भोकात जाड तंगूसचा तुकडा घालून गाळ सोडवा. तरीही धार बारीकच असेल तर इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक) बदला. पाकळी तुटलेली असेल तर तिचे सगळे तुकडे शोधून जुळवा. एखादा सापडला नाही तर तो वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. नव्या इंपेलरला ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. आणि पिंपात चालवताना पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. कोरडं मशीन अर्धा मिनिट चाललं तरी नवी पाकळी जळते.