आधी पाय, मग हशा

बाबू,

तुझा फोन ठेवला आणि डोकं तापलं. तुझ्यावर नव्हे रे. स्किटमधलं नाव बघून तुला सेलिब्रिटी डान्स शोमध्ये घेतलं, आणि पहिल्याच तालमीत सांगितलं काय, तर 'मुद्दाम घसरून पड, प्रोमोला बरं दिसेल.' पडू का, म्हणून विचारतोस. पड की! पण समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर पड.

आधी पाय, मग हशा.

पेडण्यात दशावतार बघत वाढलास ना तू? मग त्यातला हसवणारा असुर, संकासूर आठव. काळा झगा, लोंबती लाल जीभ, समोर पोरं हसून लोळतायत. त्याच्या पायांकडे कधी बघितलंस? हुज्जत घालतानाही मृदंगाची थाप सोडत नाही. चुकल्याचं सोंग आणतो, चुकत नाही. ते सोंग आणायला ताल अंगात मुरलेला लागतो, आणि तू म्हणतोस रिहर्सलला वेळ नाही!

आपल्याकडचं 'झलक दिखला जा' ज्यावरून आलं, त्या ब्रिटनच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' या डान्स शोमध्ये 2020 साली बिल बेली जिंकला. विनोदवीर, वय 55. 2024 मध्ये क्रिस मॅकॉसलंड, तोही विनोदवीर, आणि त्याला दिसत नाही. आरशात बघून पाऊल सुधारायची सोयच नाही. बोलून, स्पर्शाने शिकला. तिथे अंतिम निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागतो. म्हणजे लोकांनाही कळतं. आधी पाय, मग हशा.

पडून मतं मिळतील, नाही म्हणत नाही. चार आठवडे मिळतील. पाचव्याला काय पाडणार, दात?

मलाही एका वाहिनीने बोलावलं होतं. दर भागात धोतर सुटायला हवं, ही अट. मी गोव्याला परतलो. घरात अजून टोमणे बसतात, 'मुंबईत असतास तर...' हळहळ मलाही वाटते, पैसा कुणाला नको? पण जत्रेतल्या नाटकात माझं धोतर एकदाच सुटायचं, ठरल्या वाक्याला, आणि मंडप हलायचा. रोज सुटलं असतं तर कोण हसलं असतं? मी बरोबरच केलं.

कोरिओग्राफरला सांग, आधी अख्खा नाच विनोदाशिवाय बसवूया, घसरणं कुठल्या मात्रेवर ते मग ठरवू. गुडघ्याला पट्टा बांध. ऐकलं नाहीत तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी. नको, मी बोललो तर तुझं काम जाईल. तूच बोल.