कॅम्पर कुजतोय, दुरुस्ती की नवा?

मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सहून एका वाचकांनी विचारलंय: १९८६चा सतरा फुटी कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर, आहे. मागच्या कोपऱ्यातली भिंत बोटाने दाबली की आत जाते. दुरुस्तीचा अंदाज ५,२०० डॉलर. नव्याची किंमत ३२,०००. त्यासाठी बाजूला ठेवलेले ५,००० भरायचे आणि बाकीचं साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचं कर्ज. कमावणारे एकटेच, आणीबाणीची शिल्लक चार महिन्यांची. मुलांना उन्हाळ्यात मिशिगन सरोवराकाठच्या लडिंग्टनला न्यायचं असतं.

नवा घेऊ नका. २७,०००वर हप्ता बसेल महिना सुमारे २६६ डॉलर, आणि व्याजच होईल जवळजवळ २०,९००. ट्रेलरची किंमत मात्र पहिल्या वर्षापासून उतरणार. व्याजावर करसवलत मिळते असं विक्रेत्याने सांगितलं असेल, पण तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (खर्चांची यादी न देता मिळणारी ठरावीक करवजावट) घेत असाल तर तिचा काहीच उपयोग नाही. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच नव्या ट्रेलरांचा सांगाडाही लाकडीच असतो. छताचे सांधे दरवर्षी तपासणं त्यांनाही चुकत नाही.

पण ते ५,२०० डॉलरही लगेच देऊ नका. पाणी कुठून मुरतंय, हे त्या अंदाजपत्रकात लिहिलंय का, ते आधी पाहा. जुन्या ट्रेलरमध्ये बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय आणि मध्ये लाकडी पट्ट्या असतात. छताच्या कडेच्या मोल्डिंगखालून (सांधा झाकणाऱ्या पट्टीखालून), खिडकीच्या चौकटीतून किंवा वरच्या दिव्याच्या स्क्रूमधून पाणी शिरतं आणि पट्टीवरून ओघळत खाली साचतं. म्हणजे कुजलेली जागा एकीकडे, गळती भलतीकडे. नुसता प्लाय बदलून दिला तर दोन-तीन हिवाळ्यांत तुम्ही पुन्हा तिथेच.

म्हणून आधी ओलावा मोजायचं साधं मीटर आणा आणि सगळ्या भिंती, खिडक्यांचे खालचे कोपरे, पलंगाखालची जमीन तपासा. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. मोल्डिंग काढून जुनी पुट्टी खरवडून नवी ब्युटाइल टेप (सांधे बुजवणारी चिकट रबरी पट्टी) लावणं हे धीराचं काम आहे, पण घरी जमण्यासारखं आहे. सिलिकॉन मात्र लावू नका. त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. छतासाठी तुमच्या छताच्या प्रकाराला चालणारं सीलंटच घ्या. हिवाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळली तर वाफ आतच कोंडते. हवा खेळती ठेवणारं आच्छादन हवं.

आता पैशाची मर्यादा ठरवू. नव्यासाठी ठेवलेले ५,००० हेच दुरुस्तीचे पैसे. गळती तुम्ही स्वतः बंद केलीत, तर कारागिराकडे फक्त कोपऱ्याचं काम उरतं. त्याचा वेगळा अंदाज लेखी मागा. भिंत उघडल्यावर जमिनीचा प्लायही गेलेला निघाला आणि आकडा ५,००० पार गेला, तर तिथेच थांबा. खरेदीदाराला कूज दाखवून, आहे त्या स्थितीत विका आणि पुढचा उन्हाळा भाड्याच्या ट्रेलरवर काढा. आणीबाणीच्या शिल्लकीला हात लावू नका. एका पगाराच्या घराला सहा महिन्यांची शिल्लक लागते, तेव्हा हप्त्यात गेले असते ते २६६ डॉलर आधी तिकडे वळवा. ती पुरी झाली की त्यातले ५० दर महिन्याला ट्रेलरच्या देखभालीला ठेवा.

विम्याच्या भरवशावर राहू नका. वादळात फांदी पडून झालेलं नुकसान बहुधा मिळतं, हळूहळू मुरलेल्या पाण्याची कूज सहसा वगळलेली असते. पॉलिसीतलं ते कलम या आठवड्यातच वाचून घ्या.