स्टेपनी नसलेली मिनी कूपर एस वाटेत पंक्चर झाली तर काय करायचं?

जुनी मिनी कूपर एस बघून ठेवलीय, डिकीत स्टेपनी नाही, महिन्यातून एकदा पुणे–रत्नागिरी फेरी असते आणि म्हणून धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे हीच गाडी पाच वर्षं आहे, रस्ताही तोच. आजवर तीन खिळे घुसले आणि एक टायर फाटला. खिळ्यांनी कधी अर्ध्या तासाच्या वर अडवलं नाही. टायर फाटला तेव्हा मात्र दीड दिवस गेला.

आधी वाकून टायर कोणते आहेत ते वाचा. कंपनीतून ही गाडी रनफ्लॅटवर येते. त्यांच्या कडा इतक्या कडक की सगळी हवा गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर जाता येतं. म्हणजे आंबा घाट उतरून साखरप्याला टायरच्या दाबाचा दिवा लागला तरी रत्नागिरी गाठाल. पण ते टायर दणके फार देतात, त्यामुळे आधीच्या मालकाने साधे टाकले असण्याची शक्यता बरीच. मीही टाकले. मग सगळी भिस्त डिकीतल्या सामानावर.

किटमध्ये पंप आणि पांढऱ्या चिकाची बाटली असते. बाटलीवरची तारीख बघा. जुन्या गाड्यांत ती हमखास उलटून गेलेली असते. हा चीक मी अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवलाय. छोटं भोक बुजतं, पण आत सगळा राडा होतो, पंक्चरवाला वैतागतो आणि टायर पुढे किती दिवस वापरायचा याची खात्री राहत नाही. त्यापेक्षा दोरीवालं पंक्चर किट, पक्कड आणि बरा पंप घ्या.

खिळा दिसला की उपटायचा नाही, हे पहिलं. बऱ्याचदा तोच भोकाला बूच असतो. 30 पर्यंत हवा भरा, दहा मिनिटं थांबा. टिकली तर तसेच हळू पुढच्या पंक्चरवाल्याकडे जा. नाही टिकली तर तिथेच काढायचं. जॅक नसतानाही जमतं: पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, टायरची नक्षी बाहेर येते. मागचं असेल तर पंचाईत, कारण मडगार्डमध्ये हात जाईल एवढीही जागा नाही. गाडी हातभर मागेपुढे करून खिळा चाकाच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर वर आणायचा. मग खिळा ज्या तिरक्या दिशेने शिरलाय त्याच दिशेने, खिळा उपटून, किटमधली कानस पाच-सहा वेळा आतबाहेर करा. इथे खरा जोर लागतो. पहिल्या वेळी मी बोनेटवर बसून दम खाल्ला होता. दोरीला सोल्युशन लावून सुईने आत दाबा, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवा, सुई झटक्यात ओढा. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा. घरी पोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (दांडा भोकात आणि टोपी आतून चिकटते असा) मारून घ्यायचाच.

(स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. 1904 च्या सुमारास तिथल्या दोघा डेव्हिस भावांनी पंक्चर चाकावर बाहेरून अडकवायची, आऱ्या नसलेली रिम विकायला काढली. रस्ता राहिला तिकडे, शब्द आपल्याकडे.)

आता कड फाटली तर. तिथे दोरी, चीक, काहीच चालत नाही. माझा पावसाळ्यात साताऱ्याच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेला. 205/45 या मापाच्या टायरची कड केवढी, तर चार बोटं. रिम आणि खड्डा यांच्यात ती कात्रीत सापडल्यासारखी कापली गेली. ज्यांची रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी भरली होती, त्यांनी तासाभरात येतो सांगून चार तास लावले, आणि आणली ती पुढची चाकं उचलणारी क्रेन. मागचा टायर फाटलेला! तिला परत पाठवून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारी, मागवली. या मापाचा टायर साताऱ्यात त्या दिवशी मिळाला नाही, दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. तेव्हापासून फोनवर पहिलं वाक्य ‘फ्लॅटबेडच पाठवा’ असतं. आणि हवा दर पंधरा दिवसांनी गेजने बघतो, कारण या गाडीत 22 हवा असली तरी टायर नुसता बघून कळत नाही. दाबाचा दिवाही चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून अंदाज बांधतो, म्हणून हवा भरली की तो रीसेट करायचा.

स्टेपनी नाही म्हणून पोलीस अडवतील का, हेही विचारलंय. 2020 मध्ये नियम बदलला: ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर चालतं.

गाडी घेताना एक मात्र मागून घ्या. चाकाच्या बोल्टांपैकी एक चोरी रोखणारा असेल तर त्याची अंगठ्याएवढी चावी गाडीत असते, आणि जुन्या गाड्यांत ती नेमकी हरवलेली असते. ती नसेल तर मलकापूरचा पंक्चरवाला कितीही कसबी असला तरी चाक खोलू शकणार नाही.